ओलं फडकं

निपाणी
१४ जुलै २०२५

चि. प्रणिता,

मी सुखरूप पोचले. सयाजी बेळगाव स्टेशनवर घ्यायला आला होता. तू ऑफिसला गेल्यावर निघाले, तुला सांगितलं नाही, त्याचा राग धरू नकोस. शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांनी खाली येऊन रिक्षा ठरवून दिली आणि रिक्षावाल्याला 'यशवंतपूर स्टेशन' म्हणून कन्नडमध्ये चार वेळा बजावलं. मला कन्नड येतं हे त्या विसरल्याच. किल्ली त्यांच्याकडे आहे, ती घेतलीस ना?

फ्रीजमध्ये आमटी ठेवली होती. मेथी निवडून कागदात गुंडाळली आहे, खालच्या कप्प्यात बघ, नाहीतर पिवळी पडेल.

अभीच्या लॅपटॉपचं माझ्या हातून फार वाईट झालं. धूळ बसली होती म्हणून पुसायला घेतला, फडकं जरा जास्त ओलं राहिलं. पाणी आत गेलं असेल वाटून बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडवर पालथा घालून ठेवला, ऊन लागेल म्हणून. यंत्राला ते चालत नाही हे मला कळायला हवं होतं. तू दारातून आलीस आणि तो टॉवेलांच्या शेजारी बघितलास, तेव्हाचा तुझा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तू काहीतरी बोलत होतीस. पाण्याचं काम करताना मी कानातलं मशीन काढून ठेवते, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. रागात काही निघून गेलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलेलंच नाही. मनात ठेवू नकोस.

फोनवर मला आता कुणाचं नीट कळत नाही, मध्ये सयाजीला बोलावं लागतं. म्हणून लिहिते आहे. तूही लिही.

तुझ्या नावाआधी काय लिहायचं, याला बराच वेळ लागला. अभीला जाऊन अकरा महिने झाले तरी हात 'सौ.'कडे जातो. नुसतं चिरंजीव लिहिलं आहे.

तुझी,
आई

*

हेब्बाळ, बेंगळुरू
२० जुलै २०२५

आईंना नमस्कार.

घरी आले तर तुमची बॅग नव्हती. असं न सांगता जायचं नाही, आई. मी किती घाबरले असेन, विचार करा.

लॅपटॉपची काळजी करू नका. इथल्या एका दुकानात दिला होता, दुरुस्त होऊन परत आला. काही गेलेलं नाही. त्या दिवशी ऑफिसात फार वैतागले होते, काय बोलले ते माझं मलाच आठवत नाही. तुम्हाला ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

मेथी मिळाली. डब्याला नेली. घर खूप लख्ख ठेवून गेलात. स्वयंपाकघरातले डबेसुद्धा घासलेत तुम्ही, कधी केलंत हे सगळं?

सयाजीभावोजींना सांगा, वर्षश्राद्धाला काय आणायचं ते कळवा म्हणावं.

तुमची,
प्रणिता

*

निपाणी
२७ जुलै २०२५

चि. प्रणिता,

तुझं पत्र वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली. सयाजीला म्हटलं, बघ, दुरुस्त झाला. तो म्हणाला, आता तिथं गेलीस की हात बांधून बस. सरी, बरं म्हटलं, बसते.

आता एक मागते. जमलं तर कर, नाही तर राहू दे. अभी आला की मोबाइल घेऊन माझ्या मागं मागं फिरायचा, आठवतं ना? मी मिरच्या भाजत असले की हा दारात उभा, 'आई, इकडं बघ, हस की जरा' म्हणायचा. नंतर म्हणाला होता, सगळं लॅपटॉपमध्ये घालून ठेवलंय, फोनमध्ये जागा उरत नाही. त्यात त्याचा आवाज असेल. फोटो आमच्याकडे भरपूर आहेत, हार घातलेला मोठाही आहे. आवाज कुठं नाही. सयाजीच्या फोनवर तो नुसता फोन करायचा, बोलून झालं की संपलं.

ते सयाजीच्या फोनवर पाठवता येईल का? तो म्हणतो येतं. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरीनं लॅपटॉप नीट करून घेतला आणि अभीचा आवाज येणार आहे. शेजारच्या तानूबाईपण विचारतात, आला का.

जरा लवकर जमव. घाई का ते विचारू नकोस.

तुझी,
आई

*

हेब्बाळ
९ ऑगस्ट २०२५

आईंना नमस्कार.

तुमचं पत्र कधीच आलंय. रोज लिहायला बसत होते आणि उठत होते.

मी तुम्हाला खोटं कळवलं. लॅपटॉप कुठल्याच दुकानात दिला नव्हता. त्या संध्याकाळपासून तो टॉवेलात गुंडाळून कपाटात पडला होता. तुमचं पत्र वाचल्यावर मला तो बाहेर काढावा लागला.

यशवंतपूरला होलसेल मार्केटच्या मागे देवाप्पा म्हणून एकाचं दुकान आहे, ऑफिसात सगळे त्याच्याकडे जातात. त्यानं माझ्यासमोर खोलला. आत हिरवट-पांढरं काहीतरी धरलं होतं. म्हणाला, या मॉडेलमध्ये साठवलेलं वेगळं काढता येत नाही, सगळं मेन बोर्डलाच पक्कं जोडलेलं असतं. तरी ठेवून घेतला, आठवडाभर खटपट केली. काल फोन आला. "सॉरी मॅडम. एनू इल्ला." काही नाही.

तेव्हा आवाज नाही, आई. अभीचा फोन कंपनीचा होता, तो त्यांनी परत घेतला आणि कोरा केला. माझा जुना फोन हॉस्पिटलच्या धावपळीत रिक्षात राहिला, परत मिळाला नाही. जे होतं ते तिथंच होतं.

आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. मला आतलं काही नको होतं. वर्षभरात मी तो एकदाही चालू केला नाही. व्हिडिओ बघायला लागले असते तर ते बघून संपले असते. मला वरचं हवं होतं. त्याचा डावा तळवा टेकून टेकून तिथला रंग उडाला होता. दोन-तीन बटणांवरची अक्षरं गेली होती. आणि झाकणावर त्याच्या अंगठ्याचा पिवळा डाग होता. हॉस्पिटलला नेलं त्या सकाळी ताप होता तरी पोहे मागितले त्यानं. दोन घास खाल्ले. टॅक्सी खाली आली म्हणून तसल्याच हातानं झाकण मिटलं आणि उठला. या घरात त्यानं शेवटचं काय केलं असेल तर ते.

तुम्ही ते साबण लावून घासून काढलंत.

मला माहीत आहे, तुम्हाला माहीत नव्हतं. मी रोज स्वतःला तेच सांगते.

प्रणिता

*

निपाणी
१८ ऑगस्ट २०२५

चि. प्रणिता,

मला माहीत होतं.

यंत्र बिघडेल हे नव्हतं माहीत, देवाची शपथ. पण डाग कशाचा ते मला माहीत होतं. धूळ बसली होती असं मी लिहिलं, ते खरं नाही. तिथं धूळ कुठून असणार? तू रोज सकाळी कोरड्या कपड्यानं त्याच्या भोवतीनं पुसायचीस, तेवढी एक जागा सोडून. मी बघायचे. संध्याकाळी ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचीस. अर्धं जेवायचीस, अर्धं तसंच. मी खोलीतून हाक मारली तरी तुझं लक्ष नसायचं. तेहतीस वर्षांची पोर तू.

आमच्यात म्हणतात, गेलेल्याच्या उष्ट्या हाताची खूण घरात ठेवू नये, वर्षाच्या आत पुसून टाकावी, नाहीतर जीव घुटमळतो. मला अभीचं तेवढं वाटलं नाही. तो सुटला. तुझा जीव घुटमळताना दिसत होता. डाग गेला तर पोरगी तिथून उठेल, एवढंच मनात आलं. आधी नुसतं फडकं फिरवलं. हळद ती, निघेना. मग साबण लावला. आणि मग हात थांबेचना. झाकण उघडून आतनंही पुसत सुटले. लहान असताना जेवला की पदरानं त्याचं तोंड पुसायचे, तो मान हलवायचा आणि मी धरून पुसायचे, तसंच. फडकं पिळायचं राहिलं हे नंतर कळलं.

आणि मशीन कानातच होतं.

'एकदा जाळला तो पुरला नाही का तुम्हाला' म्हणालीस. 'मला माझ्या घरात एकटीला सोडा' म्हणालीस. दोन्ही ऐकलं. म्हणून आले निघून. तुला वाईट वाटू नये म्हणून ऐकलं नाही असं लिहिलं. तू दुरुस्त झाला असं लिहिलंस, तेही त्यासाठीच असेल.

महिनाअखेरीला वर्षश्राद्ध आहे. सयाजी करेल सगळं. तू ये म्हणायला मला तोंड नाही. आलीस तर बरं वाटेल.

आई

*

हेब्बाळ
२१ सप्टेंबर २०२५

आईंना नमस्कार.

मी वर्षश्राद्धाला आले नाही. रजा मिळाली नाही असं भावोजींना सांगितलं. रजा मागितलीच नव्हती. तुमचं पत्र वाचल्यावर मला तुमचा चेहरा बघायचा नव्हता. त्या दिवशी ऑफिसात बसून होते आणि दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले. तिकडे तुम्ही पानं वाढत असाल हे डोळ्यांपुढून जाईना.

गेल्या आठवड्यात भावोजींचा फोन आला. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं. तुमचा उजवा कान गेलाय, आणि डावाही दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला असं डॉक्टर जूनमध्येच म्हणाले होते. म्हणजे तुम्ही इथं आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. 'घाई का ते विचारू नकोस' लिहिलंत, आणि मी खरंच विचारलं नाही. त्याऐवजी डागावरून तुम्हाला पानभर लिहिलं.

देवाप्पानं त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं, ते मी तुमच्यापासून ठेवलं. म्हणाला, "पाणी गेलं ते सरी, मॅडम. नीट सुकवून इकडं आणला असता तर आतलं वाचलं असतं. ओला असताना चालू कुणी केला?" मी केला, आई. तुमच्यावर ओरडून झाल्यावर स्टँडवरून उचलला, चार्जर लावला आणि बटण दाबून धरलं. वर्षभर केला नव्हता तो तेव्हा केला. चर्र झालं आणि जळका वास आला. तुम्ही पुसलंत, जाळलं मी. तुम्हाला जे म्हणाले ते मलाच लागू होतं.

तो फोन आल्यापासून अभीच्या ओळखीच्या प्रत्येकाला विचारते आहे. त्याला आवाजी निरोप पाठवायचा कंटाळा, सगळं टाइप करायचा, तुम्हाला माहीतच आहे. बहुतेकांकडे काही नाही. रोशनकडे एक निघाला, अभीच्या ऑफिसातला मुलगा, आमच्या लग्नात वाढायला सगळ्यांत पुढे होता तो. कोरमंगलाला पीजीत राहतो. पाठवतो म्हणाला, पण मला धीर नव्हता, मीच गेले. त्याच्या पीजीच्या दारात, स्कूटरींच्या रांगेत उभं राहून ऐकला. रोशन बिचारा दुसरीकडे बघत उभा होता.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी तो घेऊन येते. येऊ ना?

प्रणिता

*

निपाणी
२७ सप्टेंबर २०२५

चि. प्रणिता,

ये. विचारतेस काय?

ते जाळण्याचं जे लिहिलंस ते मी एकदा वाचलं. पुन्हा लिहू नकोस, आणि मनातही आणू नकोस. माझंही तू तसंच कर.

थंडीचं काहीतरी आण, पहाटे गार पडतं.

आई

*

हेब्बाळ
८ ऑक्टोबर २०२५

आई,

मी पोचले. तुम्ही दिलेली चटणी बॅगेत सांडली, सगळ्या कपड्यांना वास लागलाय. दोनदा धुतले, जात नाही. राहू दे.

वर्षभरात इतकं बरं मला वाटलं नव्हतं. तुम्ही कॉटवर बसलात, मी तुमच्या डाव्या कानाशी हेडफोन धरला आणि तुमचे डोळे भरून आले, मान हलवत राहिलात, माझा हात सोडेनात. 'व्हय, तोच गं, तोच' म्हणालात. भावोजी उठून बाहेर गेले. मला वाटलं, चला, एवढं तरी आपण वेळेत केलं.

एकच वाटलं. तो तुमच्याबद्दल बोलतो ना, तिथं तुम्ही हसाल अशी माझी खात्री होती. मी तिथं हसतेच दर वेळी. तुम्ही नुसती मान हलवलीत. रडू आलेलं असताना हसू कसं येणार म्हणा.

आता आनंदाची गोष्ट. रोशननं आणखी एकाकडून एक मिळवलाय. ऑफिसातल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे, अभी केक कापणाऱ्याला ओरडून काहीतरी सांगतोय. आवाज जरा लांबचा आहे, म्हणून मोठ्या आवाजाचा चांगला हेडफोन बघून ठेवलाय. दिवाळीला रजा टाकते आणि घेऊन येते. कान आहेत तोवर पोटभर ऐकून घ्या.

तुमची,
प्रणिता

*

निपाणी
१४ ऑक्टोबर २०२५

चि. प्रणिता,

हेडफोन घेऊ नकोस. घेतला असशील तर परत कर.

आता आपल्यात खोटं नको असं मीच ठरवलं होतं, आणि मीच पुन्हा केलं. त्या दिवशी मला काही ऐकू आलं नाही गं.

डावा कान गणपतीनंतर गेला. सयाजीलाही नीट कळू दिलं नाही, तोंडाकडं बघून बरंचसं उमगतं, चालून जातं. तू येणार म्हणून कळवलंस तेव्हा लिहायला हवं होतं. पण तू बेंगळुरूहून त्याला घेऊन यायला निघालीस, आणि मी नको म्हणू? वाटलं, कानाशी अगदी जवळ धरलं तर थोडंसं येईल. तू धरलास. नुसती गुरगुर आली, लांब कुठंतरी गिरण चालावी तशी. मग मी तुझ्याकडं बघत राहिले. दुसरी तार तुझ्या कानात होती. तू ऐकत होतीस आणि तुझा चेहरा उमलत चालला होता. लग्न होऊन आलीस तेव्हा असा होता तुझा चेहरा. अभी बोलतोय हे मला तेवढ्यावरून कळलं. 'तोच गं' म्हणाले ते खोटं नाही म्हणालेले.

पण ऐकलं नाही. दिवाळीला ये, नुसती ये, काही आणू नकोस. रजेसाठी कुणाच्या पाया पडू नकोस.

एक मात्र राहवत नाही म्हणून विचारते. तो माझ्याबद्दल बोलतो म्हणालीस. काय बोलला गं? वाचायला मला डोळे आहेत. जसं बोलला तसंच लिही. तुझं काही घालू नकोस, गोड करू नकोस. कुठं थांबला, कुठं खोकला, ते पण लिही.

आई

*

हेब्बाळ
१८ ऑक्टोबर २०२५

आई,

पत्र भावोजींच्या हातात आधी पडेल म्हणून वर 'फक्त आईंसाठी' लिहिलंय. परवा मी येतेच आहे, पण हे मला समोर बसून सांगता येणार नाही, म्हणून आज स्पीडपोस्टानं टाकते. माझ्या आधी नाही पोचलं तर मी आल्यावर आपण दोघी दारात पोस्टमनची वाट बघू.

सकाळपासून कितीदा ऐकला. थांबवून, मागे नेऊन, एकेक शब्द लिहिलाय. माझं काही घातलं नाही.

सुरुवातीला नुसतं ट्रॅफिक आहे. हेब्बाळच्या फ्लायओव्हरखालचा सिग्नल असणार, एक बस सारखा हॉर्न देते. मग तो घसा साफ करतो, सकाळी करायचा तसा, दोनदा. मग बोलतो. रोशनशी हिंदीत सुरू करतो आणि मग विसरून मराठीत येतो, रोशनला मराठी कळतं ना, म्हणून.

"रोशन, सुन, तुम लोग शुरू करो. मैं सिग्नल पे हूं. अरे, आईचा फोन होता. तिला काही ऐकू येत नाही, मी गाडी बाजूला घेऊन बोंबलतोय, सगळा रस्ता माझ्याकडं बघतोय. 'जेवलो', 'जेवलो' म्हणून पाच वेळा ओरडलो."

इथं तो हसतो. तोंडातल्या तोंडात नाही, मोठ्यानं. हसता हसता त्याला ठसका लागतो, आणि कुणीतरी बाजूनं "सार, स्वल्प सैड", जरा बाजूला, म्हणून गाडी पुढे काढतं, त्याला तो "हां हां, सॉरी" म्हणतो. मी हसते ती इथं.

मग जरा वेळ काहीच नाही. मला आधी वाटायचं इथं संपलं. पण संपत नाही. आवाज खाली येतो, रोशनशी बोलतोय की स्वतःशी ते कळत नाही.

"एक शब्द पोचत नाही रे तिच्यापर्यंत. तरी ठेवू देत नाही. 'बोल, बोल' म्हणते, 'तू नुसता बोलत राहा.' मग काय, मी बोलतो."

मग गाडी सुरू केल्याचा आवाज येतो. बसचा हॉर्न पुन्हा. त्यावरून तो ओरडून "आलोच" म्हणतो, आणि बंद होतं.

प्रणिता